मध्यंतरानंतरची नायिका

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि त्यातली पंचवीस वर्षं अकरा महिने मी माझ्या बायकोचा हेवा केलेला नाही. उरलेला महिना फेब्रुवारीचा होता, म्हणजे तोही दोन दिवसांनी कमीच.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. तिथे आमचं एक रसिक मंडळ आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभासद जमतात आणि मी नव्या सिनेमाचं परीक्षण करतो. गेली अकरा वर्षं करतोय. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘जमेच्या बाजू’, उजवीकडे ‘उण्या बाजू’, आणि उजवी बाजू भरल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही, हा माझा बाणा. (एकदा उणी बाजू फळा संपून भिंतीवर गेली. वाचनालयानं पत्र पाठवलं.)

या अकरा वर्षांत माझी एकच इच्छा होती: ठाण्याचं बोलावणं यावं. ठाणेकरांना यातलं दुःख कळायचं नाही. ठाण्याच्या वक्त्याला मुंबईचं बोलावणं हवं असतं, डोंबिवलीच्या वक्त्याला ठाण्याचं, आणि ठाकुर्लीच्या वक्त्याला डोंबिवलीकर डोंबिवलीतसुद्धा बोलावत नाहीत. (लोकलनं आणखी पुढच्या खडवलीचा माणूस सुखी. तो सरळ नदीवर पोहायला जातो.)

तर जानेवारीच्या शेवटी ते पत्र आलं. ठाण्याच्या एका चित्रपटप्रेमी मंडळाचं. महिला दिनाच्या कार्यक्रमात एका ताज्या सिनेमावर बोलायला तुमच्या मंडळातला उत्तम वक्ता पाठवा. सिनेमाही त्यांनीच निवडला होता. सगळीकडे गाजत असलेला, महाशक्ती असलेल्या नायिकेचा. आमचे अध्यक्ष पाटणकर सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला घरी बोलावून पत्र वाचून दाखवलं. मी मनातल्या मनात कोणता झब्बा घालायचा ते ठरवत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, “मी विचार करतोय, सुधीरराव, वैशालीताईंनाही संधी द्यावी.”

वैशाली म्हणजे माझी बायको. शाळेत गणित शिकवते.

“सर, वैशाली?”

“का? परवा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी त्या ऐतिहासिक सिनेमाबद्दल दोन ओळी लिहिल्या, त्या मी माझ्या मुलीला पुण्याला पाठवल्या.”

“आणि त्याच सिनेमावर मी सविस्तर लिहिलेलं?”

“ते माझ्या फोनमध्ये उघडेना.”

त्या दोन ओळी मला पाठ आहेत. ‘सिनेमा तीन तासांचा आहे. दोन तासांचा असता तर मीही रडले असते.’ एवढंच. त्याखाली लाल हृदयांची अशी रांग लागली होती, जशी आमच्याकडे फक्त पाण्याच्या टँकरला लागते. माझ्या चौदाशे शब्दांना एक अंगठा मिळाला, तोही सरांचा, आणि तो चुकून लागला असं त्यांनी नंतर कळवलं.

शेवटी असं ठरलं की फेब्रुवारीच्या सभेत आम्ही दोघांनी त्या सिनेमावर बोलायचं. सभासदांनी हात वर करून कौल द्यायचा. कौल ज्याला, ठाणं त्याला.

घरी येऊन मी हे वैशालीला अशा सुरात सांगितलं, जसं माणूस मुलाला सांगतो की तूही शर्यतीत पळ हं बाळा. ती वह्या तपासत होती.

“मला नाही जमणार हो फळाबिळा.”

“नाही जमत सगळ्यांना,” मी उदारपणे म्हणालो.

“पण सरांनी सांगितलंय तर बोलेन पाच मिनिटं.”

पाच मिनिटं! मला नुसतं खोकून घसा साफ करायला तेवढी लागतात.

आता सिनेमा बघणं आलं. इथे आमच्या इमारतीतल्या म्हात्रेवहिनी मध्ये आल्या. वहिनी दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वस्तू लुटतात. आमच्या घरात त्यांचे इतके डबे झालेत की डबे ठेवायला डबा लागतो. या वर्षी त्या म्हणाल्या, “डबे झाले, गाळण्या झाल्या. यंदा वाण म्हणून बायकांना सिनेमा दाखवते. बाईचाच आहे ना, मग बायकांनीच बघायचा.” आणि खरंच, प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ आणि कल्याणच्या मल्टिप्लेक्सचं शनिवार दुपारचं तिकीट ठेवलं. पंधरा बायका, सगळ्यात मागची रांग.

मला अर्थातच वाण मिळालं नाही. मी माझं तिकीट स्वतः काढलं, मुद्दाम पुढून तिसऱ्या रांगेतलं, कोपऱ्यातलं. वैशालीच्या जवळ बसून तिला माझे उसासे ऐकू गेले असते तर तिला उण्या बाजू फुकट कळल्या असत्या. शिवाय मी घरात नियमच करून टाकला: “सभा होईपर्यंत या सिनेमाविषयी एकमेकांशी अवाक्षर नाही. निकोप स्पर्धा.”

“बरं,” वैशाली म्हणाली. (हा नियम माझा होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. मला ते आजही घरात रोज ध्यानात आणून दिलं जातं.)

सिनेमा सुरू झाला. नायिका बंदरावर क्रेन चालवणारी. तिच्या अंगावर वीज पडते आणि तिच्यात अशी ताकद येते की ती एका हातानं पूल तोलून धरते. मी अंधारात वहीत लिहीत होतो. ‘वीज पडून माणसं मरतात.’ ‘पूल कुठल्या महापालिकेचा?’ मजा येत होती. मागून मात्र सारख्या टाळ्या. तिनं पहिला ठोसा मारण्याआधी केस बांधले तेव्हा तर मागच्या रांगेतून अशी शिट्टी आली की मी वळून पाहिलं. म्हात्रेवहिनी होत्या.

मध्यंतराच्या आधी खलनायक तिला उड्डाणपुलावरून खाडीत ढकलतो. तिचा डावा पाय दुखावलेला, ती पाण्यात नाहीशी होते आणि तो म्हणतो, “आता ती कधीच परत येणार नाही.” दिवे लागले. वैशालीनं वरूनच मला हातानं खूण केली: पॉपकॉर्न. स्पर्धा निकोप होती, म्हणून मी गेलो.

रांग मोठी होती. पॉपकॉर्नची बादली घेऊन मी परत आलो तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. दार ढकलून आत शिरलो, अंधारात चाचपडत पुढून तिसरी रांग, कोपऱ्यातली खुर्ची पकडली. वर वैशालीला बादली द्यायला जावं म्हटलं, पण माझा गुडघा अंधारात पायऱ्या चढायला राजी नव्हता. मागे काही साड्या दिसत होत्या. नंतर देऊ. पाहतो तर थिएटर अर्धं रिकामं! मला जो आनंद झाला तो काय सांगू. मी लगेच लिहिलं: ‘मध्यंतरानंतर निम्मे प्रेक्षक उठून गेले.’

पडद्यावर एक खेडं होतं. आंब्याची बाग, विहीर, चूल. एक पांढऱ्या केसांची बाई डाव्या पायानं लंगडत हंडा उचलत होती आणि धापा टाकत होती.

मी लिहिणं थांबवलं. डावा पाय. माझ्या अंगावर काटा आला. दिग्दर्शकानं काळाची केवढी उडी मारली होती! ती खाडीतून वाचली, दूर कुठेतरी वाहत गेली, संसार केला, म्हातारी झाली. एका हातानं पूल धरणारी बाई, आणि आता हंडा उचलवत नाही. तिची तीन मुलं बाग वाटून घ्यायला भांडत होती. ती गप्प. मी म्हणत होतो, अगं, लाव एक ठोसा, अजून असेल थोडी वीज. पण तिनं शेवटपर्यंत शक्ती वापरली नाही. शेवटच्या दृश्यात ती तिन्ही मुलांना एकेक आंबा कापून देते आणि स्वतः कोय चोखत बसते. मी ढसाढसा रडलो. रडत रडत वैशालीचं पॉपकॉर्न संपवलं.

बाहेर आलो तर बायकांचा पत्ता नाही. त्या केव्हाच रिक्षा करून मिसळ खायला गेल्या होत्या. मी घरी पोचलो तेव्हा वैशाली कपडे बदलून वह्या तपासायला बसली होती.

“एवढा उशीर?”

“मी शेवटची नामावली पाहतो. जाणकार पाहतात.”

“आणि माझं पॉपकॉर्न?”

“गर्दी होती.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “डोळे लाल झालेत तुमचे. रडलात?”

“थोडा.”

“मीपण,” ती म्हणाली आणि तोंडावर बोट ठेवलं. नियम.

तो आठवडा वाईट गेला. सिनेमा बघून आल्यापासून वैशाली प्रत्येक कामाआधी केस बांधायला लागली. मंगळवारी मी परीक्षणाचा तिसरा खर्डा लिहीत असताना स्वयंपाकघरातून घरघर ऐकू आली. जाऊन पाहतो तर गॅसचा सिलिंडर ती एकटीच सरकवत होती. आमच्या घरात बळाचं म्हणून जे एकच काम माझ्याकडे होतं, तेही गेलं. मला हाक मारावी असं तिला वाटलंसुद्धा नाही. बुधवारी म्हात्रेवहिनींनी जिन्यात तिला विचारलं, “तुझं भाषण झालं लिहून?” ती म्हणाली, “एक चिठ्ठी केलीय.” चिठ्ठी! मला पर्समधली ती चिठ्ठी वाचायचा मोह झाला. मी वाचली नाही. (पर्सची साखळी अडकली होती.)

पण आतून मला विजयाची खात्री होती. उत्तरार्धातलं ते मर्म पंधरा बायकांत कुणाला कळलं असेल? त्या शिट्ट्या मारणाऱ्या. माझ्या फळ्यावर प्रथमच डावी बाजू उजवीपेक्षा मोठी होणार होती.

रविवारी खोली गच्च भरली. मी ज्येष्ठतेच्या मुद्द्यावर पहिला क्रमांक मागून घेतला. झब्बा तोच, ठाण्यासाठी ठरवलेला. रेघ मारली, पूर्वार्धावर बोललो, पुलावर कोट्या केल्या, लोक हसले. मग आवाज खाली आणला.

“आणि मित्रहो, मध्यंतरानंतर काय होतं? मध्यंतरानंतर नायिका म्हातारी होते.”

सगळे पुढे सरकून बसले. मला वाटलं, पकडलं.

“महाशक्ती कुठे जाते? हंडा उचलण्यात. चुलीत फुंकण्यात. तिची मुलं आंब्याची बाग वाटून घेतात आणि ती, जिनं एका हातानं पूल पेलला, ती एक शब्द बोलत नाही. शेवटी तिच्या वाट्याला काय येतं? कोय!”

मी डावीकडे मोठ्या अक्षरात ‘कोय’ लिहिलं. मागच्या बाकावर सिनेमा न पाहिलेले दोन गृहस्थ रुमालानं डोळे टिपत होते. बाकीचे एकमेकांकडे पाहत होते. म्हात्रेवहिनींनी हात वर केला.

“सुधीरभाऊ, ही म्हातारी कोण?”

“वहिनी, तीच तर नायिका.”

“कुठली? आमची तर शेवटी धरण अडवून धरते.”

“कुठलं धरण?”

“अहो, फुटतं ना ते. आख्खं शहर वाचवते ती. म्हातारी कधी झाली?”

पाटणकर सरांनी सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि ते त्यांना कबूलही करायचं नव्हतं. ते गंभीरपणे म्हणाले, “धरण प्रतीकात्मक असावं.”

“प्रतीकात्मक कसलं, सर? पाणी आमच्या अंगावर येतंय असं वाटलेलं.”

“वहिनी,” मी अजूनही समजावणीच्या सुरात होतो, “तुम्ही मध्येच उठून गेलात बहुतेक. निम्मं थिएटर गेलं होतं.”

“कोण गेलेलं? पाय ठेवायला जागा नव्हती.”

आता सगळे एकदम बोलायला लागले. सिनेमा पाहिलेले लोक धरणाच्या बाजूनं, न पाहिलेले माझ्या बाजूनं. एक सभासद तर असंही म्हणाले की मोठ्या कलाकृतीत प्रत्येकाला वेगळा उत्तरार्ध दिसतो. मी त्यांच्याकडे कृतज्ञतेनं पाहत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेत वैशाली उभी राहिली. तिनं आधी केस बांधले.

“अहो,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “माझं पॉपकॉर्न कुठल्या पडद्यापाशी खाल्लंत?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि तसाच उघड्या तोंडानं मला तो बोळ आठवला. रांगेतून परत येताना डाव्या हाताला दोन दारं. दोन्ही लाल. दोन्हींवर पितळी मुठी. मी आधीचं ढकललं होतं, कारण ते जवळ होतं आणि माझा गुडघा दुखत होता.

माझ्या चेहऱ्यावरून सगळ्यांना सगळं कळलं. यानंतर खोलीत जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. म्हात्रेवहिनी बाकावर आडव्या झाल्या. रुमालवाले दोघे आता वेगळ्या कारणानं डोळे पुसत होते. पाटणकर सर, ज्यांना मी अकरा वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. फळ्यावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: कोय.

मग वैशाली पुढे आली. चिठ्ठी उघडली. फळ्याला हात लावला नाही.

“मला आवडलं ते असं,” ती म्हणाली. “लढायच्या आधी ती केस बांधते. इतर सिनेमांत बायका मोकळे केस तोंडात जात असताना मारामारी करतात. मी साधी पोळीसुद्धा मोकळ्या केसांनी लाटत नाही. दुसरं, तिला कुणी वाचवायला येत नाही, आणि येत नाही म्हणून ती रडतही बसत नाही. आता नाही आवडलं ते. एवढी शक्ती, पण त्या पोशाखाला एक खिसा नाही. घराची किल्ली कुठे ठेवते? एवढं मोठं शहर वाचवलं, पण तिला एक मैत्रीण नाही. आमच्या इमारतीत सिलिंडर संपला तर चार दारं वाजवता येतात. आणि पुरुष जे बोलतात ते सगळं तिच्याबद्दलच बोलतात, तिच्याशी कुणी बोलतच नाही.”

टाळ्या पडायला लागल्या होत्या. तिनं हातानं थांबवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता अखेरचा ठोसा.

“शेवटचं. आमची नायिका धरण अडवते आणि घरी जाते. दमत नाही. शेवटपर्यंत कुठे म्हणजे कुठे दमत नाही. यांनी पाहिलेली म्हातारी दमलेली आहे. आज हे बोलत होते तेव्हा मला वाटत होतं, माझ्या सिनेमात हेच नव्हतं. हे चुकून दुसऱ्या दारातून गेले, पण राहिलेला अर्धा सिनेमा यांनीच बघितला.”

त्यावर टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण तो माझ्या म्हातारीला होता आणि मिळाला बायकोला. मी ढसाढसा रडून मिळवलेला मुद्दा तिनं तीन वाक्यांत नेला. हेवा म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट कळलं. दुसऱ्याकडे चांगली वस्तू असली की थोडंसं दुखतं. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात जास्त चांगली दिसली की फार दुखतं.

कौल घेतला. वैशालीसाठी सगळी खोली वर. माझ्यासाठी एक हात वर झाला. तो खाली घ्या, असं वैशालीनं मला खुणेनं सांगितलं.

मार्चमध्ये आम्ही ठाण्याला गेलो. म्हणजे ती गेली. मी पर्स धरायला, आणि म्हात्रेवहिनी शिट्टी वाजवायला. सभागृह मोठं, थंडगार, पाण्याच्या बाटल्यांना टोप्या घातलेल्या. ज्या व्यासपीठाची मी अकरा वर्षं स्वप्नं पाहिली त्याच्यावर वैशाली पाचच मिनिटं बोलली आणि लोकांनी तिला अर्धा तास प्रश्न विचारले. मधेच तिनं वरून मला हातानं खूण केली: चहा. मी गेलो.

शेवटी कार्यक्रमाच्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, “घरात एवढे मोठे परीक्षक आहेत, त्यांच्या जमेच्या आणि उण्या बाजू सांगा की.” वैशाली म्हणाली, “पूर्वार्ध चांगला आहे. मध्यंतरानंतर नायक भरकटतो. पण काही आणायला सांगितलं तर लगेच उठतो, ही मोठी जमेची बाजू.” सगळं ठाणं हसलं.

हे मला म्हात्रेवहिनींनी नंतर रिक्षात सांगितलं. मी स्वतः ऐकलं नाही, कारण चहा घेऊन मी परत आलो तेव्हा आत अंधार करून पडद्यावर गुडघ्याचं भलंमोठं चित्र लावलं होतं. त्या इमारतीत दोन सभागृहं आहेत आणि शेजारच्यात सांधेदुखीवर व्याख्यान होतं. पण मी आपला चहा पीत पंधरा मिनिटं वहीत लिहीत बसलो होतो, की नायिकेच्या डाव्या पायाचा मुद्दा अखेर वैशालीला पटलेला दिसतोय.